मिठामागून पाणी

आमच्या कॉलेजात कोरडी कोशिंबीर खाणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे गांगुर्डे बाई. दुपारी एकला स्टाफरूममध्ये डबे उघडले की आमच्या सगळ्यांच्या काकडीखाली पाण्याचं तळं साचलेलं असायचं. बाईंची काकडी मात्र नुकती चिरल्यासारखी. त्या पर्समधून कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी काढायच्या, अंगठ्याने झाकण उडवायच्या, चिमूटभर मीठ काकडीवर टाकायच्या आणि लगेच खायला लागायच्या.

"मीठ आधी घातलं की ते काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं," त्या सांगायच्या. "मग तुम्ही काकडी खात नाही, चोथा खाता."

आम्ही मुकाट्याने चोथा खायचो. बाईंपुढे वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी बोलताना आधी चष्मा काढून पुसून घ्यायचे.

बाई जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांचं चरित्र लिहायला बसलो तर अर्ध्या पानात संपेल, कारण मला ते ठाऊकच नाही. वडील सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर होते, घर इंदिरानगरात, आई जवळ असायची, लग्न केलेलं नव्हतं, रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांना गणित शिकवायच्या. एवढंच. बारा-तेरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मला एवढंच कळलं. पण त्या खडू कसा धरायच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला का बांधायच्या (मुलांना वेळ दिसू नये म्हणून), हे मी झोपेतही सांगेन.

मी रसायनशास्त्राचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झालो, तेव्हा जीवशास्त्राची प्रयोगशाळा माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे होती. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, की बाई त्याच काळ्या डबीतलं मीठ पाण्यात कालवून वर्गात नेतायत. मला नव्या नोकरीचा उत्साह. म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे शुद्ध सोडियम क्लोराइडची बाटली आहे. देऊ का?"

"राहू द्या, देसले सर. बाटलीतलं मीठ बाटलीत राहतं. मुलांना घरचं मीठ ओळखीचं असतं. घरातल्या वस्तूवर शिकवलं की धडा घरी जातो."

मी बाटली परत फडताळात ठेवली.

बाईंचा आवडता धडा एकच. पेशीत काय आत जातं आणि काय बाहेर येतं. बाकीचा अभ्यासक्रम त्या कर्तव्य म्हणून शिकवायच्या. हा धडा आला की चालणं बदलायचं. पहिल्या दिवशी फळ्यावर तीन प्रश्न लिहायच्या: कोण आत जातं? कोण बाहेर येतं? आणि कोणाच्या जोरावर? मग त्यांनी रात्री भिजत घातलेले बेदाणे वाटायच्या. सुरकुतलेला एक, टम्म फुगलेला एक. "दोन्ही खा. सांगा, काय आत गेलं?" एखादा हमखास म्हणायचा, साखर. "साखर आधीच आत होती रे, म्हणून तर पाणी गेलं," बाई म्हणायच्या, आणि त्याला आणखी एक बेदाणा मिळायचा. चुकल्याबद्दल बेदाणा देणारी ही एकच शिक्षिका मी पाहिली. बटाट्याचा प्रयोगही असायचा. बटाटा कोरून त्यात साखरेचं पाणी, त्याच्या पातळीवर खुणेची टाचणी टोचायची आणि बटाटा ताटलीतल्या पाण्यात ठेवायचा. तासाभराने आतलं पाणी टाचणीच्या वर. मुलं बटाट्याभोवती श्वास रोखून उभी राहायची. माझ्या प्रयोगांत रंग बदलायचे, धूर निघायचा, तरी माझ्याकडे मुलं जांभया द्यायची. मला त्या बटाट्याचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चित्रांच्या बाबतीत बाई फार कडक. मायक्रोस्कोपखाली दिसेल तेच काढायचं. एकदा तपासणीला बाहेरून एक प्राध्यापक आले. वह्या चाळताना एका वहीवर थांबले आणि हसायला लागले. एका मुलीने पानभर एक गोल काढला होता, जाड काळ्या कडेचा, आत काही नाही.

"मॅडम, हा हवेचा बुडबुडा आहे. पेशी नव्हे."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दहापैकी आठ दिलेत तिला."

"आठ?"

"तिला बुडबुडा दिसला, तिनं बुडबुडा काढला. बाकीच्यांनी पुस्तकातली पेशी काढलीय. तशी पेशी माझ्या काचेवर नाहीच, मी स्वतः पाहिलंय. त्यांना पाच."

ती मुलगी यमुना. कळवणच्या पश्चिमेला डोंगरात तिचा पाडा. तिथून शिकायला नाशिकला आलेली, वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, बघायची फार. तपासनीस गेल्यावर बाईंनी तिला काच कशी ठेवायची ते दाखवलं, बुडबुडा कुठला आणि पेशी कुठली ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात ऱ्हिओच्या पानाचा प्रयोग होता. हे झाड बाईंनी घरी डालड्याच्या डब्यांत लावलेलं. पान वरून हिरवं, खालून जांभळं. त्या जांभळ्या बाजूची पातळ साल काचेवर ठेवली की पेशी जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या दिसतात. वर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. बघता बघता आतला जांभळा रंग कडा सोडतो, आकसतो, मधे गोळा होऊन बसतो. साधं पाणी घातलं, की पुन्हा पसरतो.

तास संपला, घंटा झाली, तरी यमुना उठली नव्हती. मीठ घालत होती, पाणी घालत होती. मी भिंतीपलीकडून निघालो होतो, दारात थांबलो.

"मॅडम, परत आकसली."

"कशानं?"

"मिठानं. मिठानं तिच्यातलं पाणी वढून घेतलं."

"डोळ्यांनी पाहिलंस ना? मग आता जन्मात विसरायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी पुढे क्वचितच पाहिला.

यमुना बारावीत गेली. बाई म्हणायच्या, ही मुलगी पुढे नक्की काहीतरी करेल. पोळ्याच्या सुट्टीला ती घरी गेली आणि आठ दिवस झाले, पंधरा झाले, परत आली नाही. बाईंनी पत्र टाकलं, उत्तर नाही. वसतिगृहात निरोप होता, घरी काहीतरी अडचण आहे. तिसऱ्या आठवड्यात बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "देसले सर, तुम्ही मूळचे कळवणचे ना? रविवारी येता का सोबत?"

सकाळच्या एसटीने कळवण, तिथून जीप, आणि जीप थांबली तिथून तासभर चढण. पावसाळा सरत आला होता, खाचरांत भात हिरवागार, उतारावर नागली. बाई साडीचा काठ खोचून माझ्या पुढे चालत होत्या. वाटेत म्हणाल्या, लग्न ठरवत असतील घरचे. मी बोलते त्यांच्याशी. काय बोलायचं ते त्यांनी ठरवूनच आणलं होतं.

कुडाचं घर. यमुनाचे वडील द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे गेलेले. आईने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. यमुना दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. बाईंनी विचारलं, कॉलेज का सोडलं? आईने मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हिचा भाऊ गेला, बाई. बारका. दोन वर्षांचा व्हता."

बाईंनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"जुलाब लागले व्हते. लय गळून गेल पोरगं. मी पेज करत व्हते, मीठ घालून. आमच्यात तशीच देतात. ही आली, माझा हातच धरला हिनं. म्हने, आई, मीठ नको टाकू. मीठ आंगातलं पानी वढून घेतं. मी दुर्बिनीत पाह्यलंय." आईने खांबाकडे मान वळवली. "शिकेल पोर हाय. म्हनलं, हिला ठावं असंल. दोन दिस अळणी पेज दिली. साखरपानी दिलं. तिसऱ्या दिशी जीपमधी घालून कळवणला नेलं, पन उशीर झाल व्हता. तिथली नर्सबाई म्हनली, अगं बाय, मीठ द्यायचं असतं ना."

यमुना खांबापासून वळली. तिचे डोळे कोरडे होते. "मॅडम, मी पाह्यलं होतं. पेशी आकसली होती."

"हो," बाई म्हणाल्या. "आकसली होती."

"मग?"

आणि बाई समजावून सांगू लागल्या. त्या घरात, त्या घोंगडीवर बसून. की काचेवरची पेशी वेगळी, पोटातली आतडी वेगळी. तिथं मीठ नुसतं बाहेर पडून राहत नाही. आतड्याच्या पेशीला एक दार असतं, त्यातून मीठ आणि साखर एकमेकांचा हात धरून आत जातात, आणि त्यांच्या मागून पाणी आत जातं. पेजेतल्या तांदळाचीही पोटात साखरच होते. जुलाबात पाणी जातं तसं अंगातलं मीठही जातं. ते परत दिलं नाही तर नुसतं पाणी पाजून भागत नाही. मला बाईंचा राग आला. घरात मूल गेलंय आणि ह्या धडा शिकवतायत! उठून त्यांना थांबवावं असं वाटलं. मग यमुनाकडे पाहिलं, तर ती एकेक शब्द ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी. त्या दोघींना दुसरी भाषाच नव्हती.

सगळं ऐकून झाल्यावर यमुनाने विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग वर्गात का नाही सांगितलं?"

दुसऱ्या कोणी अभ्यासक्रमाचं नाव घेतलं असतं. मी नक्कीच घेतलं असतं.

"तो धडा तिथं संपत होता," त्या म्हणाल्या. "मीही तिथंच संपवला. तू जे पाहिलंस ते खरं होतं. मी तुला अर्धं दाखवलं. चूक माझी आहे, यमुना. तुझी नाही."

यमुना आत निघून गेली. तिला ते पटलं नव्हतं, पटण्यासारखं नव्हतंही. बाईंनी तिच्या आईपुढे हात जोडले. आईने ते हात खाली केले, पण "जाऊ द्या" असं काही ती म्हणाली नाही. गुळाचा कोरा चहा दिला. आम्ही निघताना अंगणापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "कॉलेजचं राहू द्या, बाई. पन तिला येवढं सांगा. भाऊ गेल्यापून तिनं मीठ सोडलंय. भाकर अळणी, भाजी अळणी. मी गुपचूप टाकलं त थुंकून दिलं. पोरगा गेला, आता हिच्याकडं पाहवत नाय."

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्यासाठी काहीतरी सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी गोड सोडतं, आणि वर्षाने कोणीतरी वडीलधारं आग्रहाने घास भरवून ते पुन्हा सुरू करून देतं. मीठ सोडलेलं मी ऐकलं नव्हतं. बाई घरात परत गेल्या, यमुनाशी बोलल्या. लगेच बाहेर आल्या, आणि नकाराची मान हलवली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. वणी आलं. मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, मीठ घातलं असतं तरी तो वाचलाच असता असं कोण सांगणार?"

"कोणीच नाही. म्हणून तर तिची सुटका नाही." आणि थोड्या वेळाने, "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, घरातल्या वस्तूवर शिकवलं की धडा घरी जातो? गेला बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले. बाईंनी काकडी तशीच खाल्ली. डबी निघाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग लक्षात आलं, की त्यांच्या भाजीला, पोळीलाही मीठ नाही. स्टाफरूममध्ये निदान झालं: ब्लडप्रेशर. सहानुभूती सुरू झाली, लसणाचे उपाय सुरू झाले. बाईंनी कोणालाच खोडून काढलं नाही. मी एकटाच काय ते समजलो होतो. एकदा दोघेच असताना विचारलं, "मॅडम, तुमचा तर नवस-बिवसावर विश्वास नाही."

"हा नवस नाही. तिच्या तोंडाला काय चव आहे, ते मला कळायला हवं. ती खाईल त्या दिवशी मी खाईन."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर नाही," म्हणाल्या, आणि वह्या तपासायला लागल्या.

ह्याला वेड म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कचेरीतून जुनी हजेरीपत्रकं काढली आणि आजवर ज्यांना तो धडा शिकवला होता, त्यांतल्या ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पोस्टकार्डं लिहिली. रोज दहा. मजकूर एकच: मी तुम्हाला हा धडा अर्धाच शिकवला, उरलेला असा आहे, घरात लहान मूल असेल तर कृपया नीट वाचा. काही उत्तरं आली. सातपूरला लेथवर काम करणारा एक जण भेटायलाच आला, म्हणाला, बायकोने कार्ड चुलीमागच्या भिंतीला चिकटवलंय. एकाने लिहिलं, "आदरणीय मॅडम, तो धडा आम्ही केव्हाच विसरलो आहोत, तरी काळजी नसावी." ते कार्ड बाईंनी मला दाखवलं. हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी हसल्या. त्या वर्षातलं मी पाहिलेलं ते पहिलं हसू.

धडाही बदलला. ऱ्हिओची पेशी आकसून झाली की बाई मायक्रोस्कोप बाजूला करायला लावायच्या आणि टेबलावर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी ठेवायच्या. सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येकाने स्वतः करायचं, स्वतः चाखायचं. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट झालं तर ओतून द्या, पुन्हा करा. पेशीनं तुम्हाला आत्ता दाखवलं ते खरं आहे. हेही खरं आहे. दोन्ही घेऊनच घरी जायचं." मुलांत दबकं हसू व्हायचं, प्रयोगशाळेत सरबत! प्राचार्य चष्मा पुसून म्हणाले, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही."

"घरात आहे, सर," बाई म्हणाल्या.

मुलं भांडं पुढे करायची, मॅडम, तुम्ही पण चाखा ना. "माझं राहू द्या," त्या म्हणायच्या. आणि चव बघायला मला भिंतीपलीकडून हाक यायची. वर्षानुवर्षं मी ते काम केलं.

यमुना कॉलेजात परतली नाही. बाई दर दिवाळीला आणि मे महिन्यात पाड्यावर जायच्या. मी कधी असायचो, कधी नसायचो. जाऊन बसायच्या, कोरा चहा घ्यायच्या, यमुनाशी थोडं बोलायच्या, यायच्या. मीठ खा असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. बहुतेक वेळा यमुना काहीच बोलायची नाही. पण बाई येणार असल्या की वाटेकडे बघत बसते, हे तिच्या आईने मला एकदा सांगितलं. बारावी तिने पुढे बाहेरून दिली, पण सायन्स घेतलं नाही. तिथल्याच एकाशी लग्न झालं. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा पाड्यावर अंगणवाडी आली आणि यमुना तिथली सेविका झाली. पावसाळ्याच्या तोंडावर तिचं पत्र आलं. बाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं. चार ओळी. बुधवारी बायांना जुलाबावरच्या पाण्याचं शिकवायचं आहे. वरून सांगितलं आहे, मला टाळता येत नाही. माझं काही चुकलं तर सांगायला तुम्ही तिथं असाव्यात.

बाईंच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष उरलं होतं. गुडघे दुखायचे. ती चढण आम्ही तीनदा थांबून चढलो.

अंगणवाडीची एकच खोली. दहा-बारा बाया, मांडीवर पोरं, नाकं वाहणारी, रडणारी, झोपलेली. यमुनाने बाईंसाठी खुर्ची मांडली होती. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. बायांमधे जमिनीवर मांडी घालून बसल्या. खुर्ची माझ्या वाट्याला आली आणि मी तिच्यात अवघडून बसलो. यमुनाची आई दाराशी बसली होती.

यमुना बोलायला लागली. पाणी उकळायचं, गार करायचं, चमचा सपाट करायचा. मग भांडं पुढ्यात ठेवून म्हणाली, "मीठ कशाला, साखर कशाला, ते आयका. मीठ येकटं गेलं त दारातच उभं राहतं. साखर असली त दोघं संगं आत जातात, अन् मंग पानी त्यांच्यामागून जातं. मला हे अर्धंच ठावं व्हतं. तुमा सगळ्यायला ठावं हाय काय झालं ते." बाया खाली बघू लागल्या. यमुनाचा आवाज हलला नाही. तिने साखर मोजली, मीठ मोजलं, ढवळलं. "अन् चाखल्याबिगर पोराला द्यायचं नाय. डोळ्याच्या पान्यापेक्षा खारट लागलं त फेकून द्यायचं."

पुढे बसलेली एक पोरसवदा आई, नुकतीच लग्न होऊन पाड्यावर आलेली, तिला काही ठाऊक नसावं. तिने सरळ विचारलं, "तू चाखलं का?"

यमुनाने चमचा भांड्यात बुडवला, आणि हात तिथेच थांबला. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मानसुद्धा हलवली नाही. यमुनाने चमचा उचलला आणि तोंडात घातला.

तिने डोळे मिटून घेतले. घोट गिळला. मग डोळे उघडले तर त्यांत भीती होती.

"खारट लागतंय," ती म्हणाली. "लय खारट. मला नाय कळत." आणि लहान मुलीसारखी वळली, "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही चाखा."

भांडं बाईंच्या हातात आलं. मला वाटलं, त्या 'बरोबर आहे' म्हणून मोकळ्या होतील. चमचे डोळ्यांसमोर मोजलेले होते, प्रमाण अचूक होतं. बाईंनी घोटभर घेतलं आणि भांडं खाली ठेवलं.

"मलाही खारटच लागतंय, यमुना. माझ्या चवीवर जाऊ नकोस."

"का?"

यमुना त्यांच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसलेल्या माझ्याकडे तिने पाहिलं, आणि मला मान खाली घालावी लागली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"त्या दिवसापासून," बाई म्हणाल्या.

यमुना खाली बसली. तिचं तोंड पदरात होतं आणि खांदे हलत होते. भाऊ गेला तेव्हा ती रडली नव्हती असं तिची आई मला मागाहून म्हणाली. बाया आपापल्या पोरांना थोपटत राहिल्या. कोणी उठलं नाही.

मग दाराशी बसलेली यमुनाची आई उठली. पोरांच्या मधून वाट काढत आली. तिने भांडं घेतलं, चमचाभर पाणी जिभेवर ठेवलं, नेहमी स्वयंपाक चाखतात तसं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "येवढंच लागतं. द्या पोरांयला."

तिने कोनाड्यातून दोन पेले घेतले, दोन्ही भरले. एक लेकीच्या हातात दिला, एक बाईंच्या. "आधी तुम्ही दोघी प्या," म्हणाली, आणि पेले रिकामे होईपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहिली.